पाव दराचा फोन

पुण्याच्या जुन्या बाजारातून मी परवा एक काळा फोन आणला. डायलचा, बॅकेलाइटचा, एका हातानं उचलायला गेलं तर मनगटाला जाणवेल इतका जड. विकणाऱ्यानं अडीच हजार सांगितले, मी बाराशेला मागितला, अठराशेला जमलं. घरी आणून स्पिरिटनं पुसला, टीव्हीशेजारच्या कोनाड्यात ठेवला आणि खाली आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल घातला. जोडलेला अर्थातच नाही. जोडायला घरात लँडलाइन उरलीय कुठे?

दोन दिवसांनी ताई आली, इचलकरंजीहून, गुडघा दाखवायला. चपला काढता काढताच तिची नजर कोनाड्यात गेली.

"हे काय आणून ठेवलंयस?"

"अँटिक आहे ताई."

"अँटिक मी पण आहे. मला कुणी रुमालावर बसवत नाही."

चहा येईपर्यंत ती त्यावर काही बोलली नाही. मलाच राहवेना. म्हटलं, हा फोन बघितला की मला कऱ्हाडची आपली गल्ली आठवते. घरात फोन नव्हता, पण अडलं कुठे? वकीलकाकांचा होताच. अण्णांनी तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा त्यांचाच नंबर छापला होता, पुढे कंसात 'पी.पी.'. शेजाऱ्याचा नंबर बिनदिक्कत स्वतःचा म्हणून द्यायचा आणि त्यात कुणालाच काही वाटायचं नाही. आज मी शेजारच्याला वायफायचा पासवर्ड देताना दहा वेळा विचार करतो.

"वकीलकाकू गॅलरीतून हाक मारायच्या," मी म्हणालो, "आणि मी ज्याचा फोन त्याला बोलवायला सुटायचो. सात घरं होती त्या फोनवर. कुणाकडे बातमी चांगली असेल तर शेंगदाण्याचा लाडू मिळायचा."

"तू पळत होतास," ताई म्हणाली. "मी उभी असायचे."

"म्हणजे?"

"फोन कुठे होता त्यांच्याकडे? ऑफिसात. टेबलावर, काकांच्या उजव्या हाताला. समोर बाकावर पक्षकार. त्या साताऱ्याच्या स्थळाचा निरोप आला तो मी तिथे उभं राहून ऐकला. 85 सालची गोष्ट. मध्यस्थ सांगतोय, मुलाकडच्यांना उंची कमी वाटते. आणि मी काय म्हणतेय? 'बरं. हो. बरं.' समोर वहिवाटीच्या दाव्यातली चार माणसं मांडीवर पिशव्या घेऊन माझ्या तोंडाकडे बघतायत. रिसिव्हर ठेवला तर आतून काकूंनी विचारलं, काय म्हणाले गं? संध्याकाळपर्यंत माझी उंची साती घरांना पाठ झाली होती."

मला त्या दिवसाचं एवढंच आठवत होतं की ताईला बोलवायला मी गेलो होतो आणि लाडू मिळाला नव्हता.

तरी मी हटलो नाही. म्हणालो, तोच शेजार अण्णांच्या छातीत दुखलं त्या रात्रीही होता. दोन वाजता दार वाजवलं तर वकीलकाका बनियनवर बाहेर आले, डॉक्टरांना फोन लावला आणि डॉक्टर येईपर्यंत आपल्या ओट्यावर बसून राहिले. आज माझ्या मजल्यावर तीन फ्लॅट आहेत. रात्री दोनला मी कुणाचीही बेल वाजवणार नाही, ॲप उघडीन.

"ते खरंय," ताई लगेच म्हणाली. "काकांनी कधी एका शब्दानं जाणवू दिलं नाही. पण ते काकांचं मोठेपण. त्याचं श्रेय तू या डबड्याला का देतोस?"

आता मी इंजिनिअर माणूस. डबडं म्हटल्यावर मला लागलं. मी फोन कोनाड्यातून काढून टेबलावर उलटा घातला, दोन स्क्रू सैल केले आणि वरचं कवच उचललं. आत सगळं उघडं: घंटेच्या दोन वाट्या, मधला लोलक, डायलच्या पाठची स्प्रिंग आणि दातेरी चाकं. ताईला दाखवलं. डायल बोटानं फिरवून सोडली की स्प्रिंग तिला परत आणते, आणि परत येतानाच ती तारेतला प्रवाह तोडते. चार फिरवला तर चार वेळा, शून्य फिरवला तर दहा वेळा. एक्स्चेंज ते तुटणं मोजतं आणि नंबर लावतं, बस. फोनला लागणारी वीजही एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून त्याच दोन तारांवरून यायची, म्हणून गावात दिवे गेले तरी फोन चालू. माझ्या शेवटच्या मोबाइलची बॅटरी फुगली तर दुकानदार म्हणाला, उघडण्यापेक्षा नवीन घ्या. हा चाळीस वर्षांचा फोन स्क्रू ड्रायव्हरनं उघडतो आणि आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

"मान्य," ताई म्हणाली. "वस्तू चांगली आहे. वस्तूशी माझं भांडण नाहीच. ती कुणाच्या टेबलावर होती त्याच्याशी आहे."

"टेबलंच कमी होती. 1981 साली देशात अडुसष्ट कोटी माणसं आणि फोन तीस लाखांच्या आत. अर्ज करून लोक वर्षानुवर्षं..."

"आकडे नको. मामंजींनी अर्ज केला तेव्हा ह्यांची मुंज व्हायची होती, फोन आला तो वरातीच्या आधी दोन महिने. पुरे एवढं."

मग विषय ट्रंक कॉलवर गेला, जसा आमच्या वयाच्या माणसांचा जातोच. ऑपरेटरकडे कॉल बुक करून वाट बघणं, ऑर्डिनरी की अर्जंट हा घरातला वाद, अर्जंटला दुप्पट पैसे, आणि लाइटनिंग म्हणजे कुणी गेल्याशिवाय नाहीच. ताईच्या सासरी सुताचा धंदा. मुंबईचे भाव घ्यायला मामंजी सकाळी कॉल बुक करत आणि दुपारचं जेवण फोनशेजारी बसून घेत. कॉल लागला की घरात सगळ्यांनी गप्प, पोरांनीसुद्धा, आणि मामंजी इतक्या मोठ्यानं ओरडत की सासूबाई म्हणायच्या, एवढ्या आवाजात तार न लावताही मुंबईला ऐकू जाईल.

मी मध्येच सॅम पित्रोदांचं नाव काढलं, 1984 साली सुरू झालेल्या सी-डॉटचं काढलं. आपल्याच इंजिनिअरांनी केलेलं 128 लाइनींचं ते छोटं एक्स्चेंज, एअर कंडिशनरशिवाय खेड्यातल्या धुळीत चालणारं, पहिलं 1986 साली बसलं ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. म्हणजे ताईच्या इचलकरंजीपासून तसं फार लांब नाही. मला वाटलं ती जरा खूश होईल. ती म्हणाली, "बरं झालं," आणि चहाचा कप खाली ठेवला. मी सांगितलेल्या कौतुकाच्या गोष्टींना ताईकडे नेहमी असंच 'बरं झालं' मिळतं.

म्हणून मी माझा हुकमाचा पत्ता काढला. रात्री अकराची रांग.

"हॉस्टेलच्या कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता," मी म्हणालो. "पिवळा बोर्ड, प्लायवूडची केबिन, काचेचं दार. आत एक माणूस कसाबसा उभा राहील एवढीच जागा, आणि पंखा नाही. समोर मीटरचे लाल आकडे पळतायत, मालकाच्या टेबलावरचा प्रिंटर चर्रर्र करून चिठ्ठी ओकतोय. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळी अर्धा, आणि अकरानंतर पाव. पावणेअकरापासून आम्ही पंधरा-वीस जण फुटपाथवर. नागपूरचा, नांदेडचा, रत्नागिरीचा. कुणाची परीक्षा बुडालीय, कुणाच्या बहिणीचं ठरतंय. काच असली तरी शब्द बाहेर यायचेच. नांदेडच्या पोराची म्हैस व्यायली ते आम्हा सगळ्यांना त्याच रात्री कळलं, दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्याच्याकडून चहा वसूल केला. मीटरवर एक डोळा ठेवून बोलायचं, त्यामुळे आधी मनात वाक्यं जुळवून ठेवायची. ती रांग मला आजही हवीशी वाटते, ताई. खरंच."

ताईनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"अकरा वाजता तू कुणाला लावायचास फोन?"

"घरी. आईला."

"घरी फोन होता?"

"वकीलकाकांकडे."

"म्हणजे रात्री सव्वाअकराला तू वकीलकाकांना उठवायचास."

मी काही बोललो नाही.

"आणि बोलवायला पळणारा पोरगा तर पुण्याला जाऊन बसलेला," ताई म्हणाली. "मग साठीतले वकीलकाका बॅटरी घेऊन गल्ली ओलांडायचे, आपलं दार वाजवायचे, आई पदर सावरत धावत जायची, आणि तू तिला विचारायचास, चिवडा पाठवतेस का. तुझे पाचसहा रुपये वाचायचे. उरलेला पाऊण दर काकांनी भरला."

"त्यांनी कधी सांगितलं नाही."

"ते कशाला सांगतील? आईनं सांगितलं मला. शेवटी तीच त्यांना म्हणाली, फोन आला तर सकाळपर्यंत थांबा म्हणावं त्याला. त्यांनी नाही ऐकलं. पोरगं रांगेत उभं राहून फोन करतंय म्हणाले."

घरात कुकरची शिट्टी झाली. बायकोनं आतून डोकावून बघितलं, आम्ही दोघं गप्प बघून परत गेली.

"आणि दुसरं," ताई म्हणाली, आता तिला लय सापडली होती. "तुझ्या त्या रांगेत एक तरी मुलगी होती?"

मी आठवून बघितलं. नव्हती. मुलींच्या हॉस्टेलचं फाटक त्याच्या कितीतरी आधी बंद व्हायचं.

"पाव दर आम्हाला नव्हताच रे कधी. इचलकरंजीत सून रात्री अकराला फोन करायला बाहेर पडलीय असं तुझ्या डोळ्यांसमोर तरी येतं का? मी मंडईला म्हणून निघायचे, चार वाजता, भर पूर्ण दरात. तुला दोन रुपयांत मिळायचं ते मला आठाला. भाजीत वाचवलेले."

पण बूथबद्दल बोलताना तिचा आवाज बदलला होता, ते मला लगेच कळलं. मी खोदून विचारलं. तेव्हा ती म्हणाली, बूथ तिला आवडायचा. लग्नाला चार-पाच वर्षं झाल्यावर त्यांच्या रस्त्यावर तो सुरू झाला. चालवणारा माणूस कुबड्या घेऊन चालायचा. त्या काळी बूथचा परवाना देताना अपंगांना प्राधान्य असायचं. ताई आत शिरून दार लावून घेतलं की तो काही न बोलता रेडिओचा आवाज वाढवायचा. ती बाहेर आली की कमी करायचा.

"पहिल्यांदा वाटलं, गाणं आवडीचं असेल. तिसऱ्या वेळी कळलं." ताई हसली. "माहेरी वकिलांचं ऑफिस, सासरी मामंजींची बैठक. माझं बोलणं मी आणि आईनंच ऐकलं असं पहिल्यांदा झालं ते त्या प्लायवूडच्या खोक्यात. तिथेही वर काचच होती, पण त्या माणसानं रेडिओचा पडदा लावला. मोबाइल आले आणि 2003 साली इनकमिंगही फुकट झालं, तेव्हा त्यानं तिथे झेरॉक्स टाकलं. नंतर तेही बंद केलं. तो माणूस आठवतो मला."

"मग तुलाही आठवण येतेच की!"

"माणसाची येते. मीटरची नाही. मीटरनं काय केलं सांगू? आईच्या पायाला सूज होती, शेवटच्या वर्षी. किती महिने होती?"

"चार-पाच."

"मला कळलं पाचव्या महिन्यात, प्रत्यक्ष गेल्यावर. दर आठवड्याला फोन करत होते मी. पण आई वकिलांच्या ऑफिसात उभी आणि मी मीटरसमोर उभी. 'कशी आहेस?' 'बरी आहे, तुझं पोर कसं?' झाली तीन मिनिटं. तू म्हणतोस तेव्हा माणसं मोजकं बोलायची. मोजकं म्हणजे जे बोलायला हवं ते गाळून. आता तुषार रोज टोरांटोवरून व्हिडिओ कॉल करतो तेव्हा तू हसतोस मला, काय बोलता एवढं, जेवलास का, काय जेवलास. अरे, जेवलास का हे फुकट विचारता येतं ही केवढी चैन आहे! मागच्या महिन्यात त्यानंच विचारलं, आई, तू भिंत धरून का उठतेस? म्हणून आज हा गुडघा पुण्यात आलाय."

याला उत्तर नव्हतं. पण माझं म्हणणं अजून संपलं नव्हतं आणि धाकट्या भावाला हार मानायची सवय नसते. म्हणालो, "ताई, तू प्रत्येक आठवणीत हेच विचारतेस की ताटकळत कोण होतं. विचार. पण फुटपाथवर मला जे वाटत होतं ते त्यामुळे खोटं ठरतं का? नांदेडचा तो पोरगा अजून मित्र आहे माझा."

"खोटं कोण म्हणतंय? मी एवढंच म्हणतेय, आईचा रुमाल काढ त्याच्या खालून."

मी रुमाल काढला. घडी करून तिच्याकडे दिला, तिनं तो पर्समध्ये ठेवून दिला. परत मिळेल असं वाटत नाही.

"आणि हवं तर स्मरणशक्तीचंही बोलू," मी म्हणालो. "तेव्हा पन्नास नंबर तोंडपाठ असायचे. आज मला बायकोचा नंबर येत नाही."

ताईचं लक्ष नव्हतं. तिनं कवच परत फोनवर बसवलं होतं आणि चष्मा कपाळावर सरकवून डायल जवळून बघत होती. एकच्या भोकाच्या कडेला आणि डायल अडते त्या पत्र्याच्या जिभेवर बारीक, चमकदार ओरखडे होते. मला ते वयाचे वाटले होते. विकत घेताना मी त्यांना 'पॅटिना' म्हटलं होतं, मनातल्या मनात.

"कुलूप होतं याला," ती म्हणाली.

"कशावरून?"

"आमच्याकडेही होतं. पितळी, एवढंसं. एकच्या भोकात अडकवायचं, डायल पुढे सरकतच नाही. किल्ली मामंजींच्या जानव्याला. आलेला फोन घ्या, लावायचा नाही. बूथ निघायच्या आधीची गोष्ट."

"मग तोवर तू कऱ्हाडला..."

"लावत होते की."

तिनं रिसिव्हर उचलला, मांडीवर ठेवला आणि तो ज्या दोन बटणांवर टेकतो त्यांवर बोट ठेवलं. "धाकट्या भाऊजींनी शिकवलं. ते स्वतः कुणाला लावायचे ते विचारू नकोस, आता नातवंडं आहेत त्यांना. तू मघाशी एवढं स्प्रिंग दाखवून सांगितलंस ना, डायल प्रवाह तोडते? मग बटणानंही तुटतो. चारला चार खटके, शून्याला दहा. दोन आकड्यांमध्ये श्वास घेण्याएवढं थांबायचं. एसटीडी सुरू झाल्यावर कऱ्हाडच्या नुसत्या कोडलाच तेवीस खटके. एक चुकला की पहिल्यापासून."

मी थक्क. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

"आणि बिल?"

"बिल दोन महिन्यांनी यायचं, नुसतं युनिटांचं. कुठे लावला, कधी लावला, काही नाही. आकडा बघून मामंजी भडकले. मीटर पळतंय म्हणून लेखी तक्रार केली. लाइनमन आला, डबी उघडली, तारा बघितल्या, मीटर ठीक आहे म्हणाला. मामंजी त्याच्याशी अर्धा तास भांडले. मी दोघांना चहा दिला, आलं घालून. पुढच्या बिलाला फोनसाठी सागवानी पेटीच करून आणली त्यांनी, कड्याकोयंड्याची."

"त्यांना कळलं होतं?"

"कोण जाणे. जायच्या आधी आजारी होते तेव्हा एकदा म्हणाले, सूनबाई, तुझा चहा त्या लाइनमनला फार आवडला होता."

बोलता बोलता तिचं बोट चालूच होतं. मी आपोआप मोजू लागलो. दहा. थांबली. दोन. एक. सहा. चार. कऱ्हाड. मग पुढचे आकडे, भराभर, न अडखळता, बघत होती खिडकीबाहेर. शेवटचा खटका झाला आणि तिनं हात उचलला.

"कुणाचा लावलास?" मी विचारलं.

"वकीलकाकांचा. तुला आठवला नाही?"

मला नव्हता आठवला.